उन्हाळी सुट्टीतील शिक्षक प्रशिक्षण : संधी, हिशेब आणि हक्क

मे महिना सुरू झाला की विद्यालयांचे वर्ग ओस पडतात आणि मुले आजोळी पांगतात. शिक्षकांची सुट्टी मात्र पूर्वीइतकी सरळ राहिलेली नाही. परिपत्रके येतात, नावे मागवली जातात, ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मुदती जवळ येतात. त्यातच गोव्यात ७ एप्रिल २०२५ रोजी सहावी ते दहावीचे वर्ग प्रथमच एप्रिलमध्ये भरले. पूर्वी वार्षिक परीक्षा आणि जूनमधील शाळाप्रवेश यांच्या दरम्यान जो मोकळा काळ मिळत असे, तो या बदलामुळे आक्रसून जवळपास मे महिन्यापुरता उरला. विश्रांती, घरची कार्ये, गावची जत्रा आणि प्रशिक्षण या साऱ्यांना आता त्याच चार-पाच आठवड्यांत जागा शोधावी लागते.

म्हणूनच हे थोडे दिवस कोणत्या प्रशिक्षणाला द्यावेत, त्यांतले किती बंधनकारक आहेत, आणि दिलेल्या दिवसांच्या बदल्यात शिक्षकाला काय मिळते, हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रशिक्षण उन्हाळ्यातच का?

सुट्टीत प्रशिक्षण ठेवू नये, अशी शिक्षक संघटनांची जुनी तक्रार आहे आणि ती अनाठायी नाही. परंतु या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. गोव्यातील ग्रामीण भागात सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठी माध्यमाच्या आहेत आणि त्यांपैकी अनेक शाळा एक किंवा दोन शिक्षकांवर चालतात. अशा शाळेतील शिक्षक जुलै-ऑगस्टमध्ये पाच दिवस प्रशिक्षणाला गेला, तर पहिलीपासून चौथीपर्यंतची मुले एकाच वेळी शिक्षकाविना राहतात. शेजारच्या शाळेतून शिक्षक पाठवला, तर त्या शाळेचे वर्ग उघडे पडतात. मोठ्या विद्यालयात एका शिक्षकाची अनुपस्थिती वेळापत्रकात सामावून घेता येते. एकशिक्षकी शाळेत तशी सोयच नसते.

त्यामुळे सलग, निवासी आणि दीर्घ मुदतीच्या प्रशिक्षणासाठी उन्हाळा हाच त्यातल्या त्यात सोयीचा काळ ठरतो. स्वतंत्र भारतात ही परंपरा जुनी आहे. १९६३ मध्ये विज्ञान व गणिताच्या माध्यमिक शिक्षकांसाठी विद्यापीठांमधून उन्हाळी वर्ग सुरू झाले, तेव्हाही मोकळ्या वसतिगृहांचा आणि प्रयोगशाळांचा उपयोग व्हावा हाच विचार होता. विद्यापीठाचा प्राध्यापक आणि शाळेचा शिक्षक एकाच टेबलाशी बसून प्रयोग करू शकतील, असा काळ वर्षातून एकदाच येतो.

पन्नास तासांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने आणि मुख्याध्यापकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. दिवसाचे सहा तास धरले, तर हा काळ आठ दिवसांहून थोडा अधिक होतो.

मागील शिफारशींशी तुलना केल्यास हा आकडा मोठा नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, असे सुचवले होते. म्हणजे वर्षाकाठी सरासरी बारा ते अठरा दिवस. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात वर्षाला २० दिवसांचा निकष होता. प्रत्यक्षात हे दिवस अनेकदा कागदावरच पूर्ण झाले. नव्या धोरणाने एकूण काळ कमी केला. मात्र तो दरवर्षी, प्रत्येकाने आणि शक्यतो स्वतःच्या गरजेनुसार पूर्ण करावा, असा आग्रह धरला.

या ५० तासांत केवळ सभागृहातील व्याख्यानेच मोडतात, असा समज अनेकांत आढळतो. तो खरा नाही. ऑनलाइन अभ्यासक्रम, कार्यशाळा, स्थानिक पातळीवरील चर्चासत्रे यांचाही समावेश त्यात अभिप्रेत आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने तर संलग्न शाळांसाठी सरळ विभागणीच केली आहे. निम्मे तास मंडळाच्या किंवा शासकीय प्रशिक्षणातून आणि निम्मे शाळेच्या किंवा शाळासमूहाच्या पातळीवर पूर्ण करता येतात. म्हणजे सारा भार मे महिन्यावर टाकण्याचे कारण नाही. सलग वेळ मागणारे काम उन्हाळ्यात करावे आणि तासा-दोन तासांचे वर्षभर विभागून घ्यावे, हे शहाणपणाचे.

गोव्यातील दारे

गोव्यात सेवांतर्गत प्रशिक्षणाची मुख्य जबाबदारी पर्वरी येथील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. प्राथमिक शिक्षकांसाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'डाएट', कार्यरत आहे. राज्यात २०२३-२४ पासून पायाभूत स्तरावर आणि २०२४-२५ पासून नववीच्या वर्गात नव्या धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हापासून या संस्थांच्या प्रशिक्षणाचा रोख मुख्यतः नवा अभ्यासक्रम, मूल्यमापनाची बदललेली पद्धत आणि कौशल्यशिक्षण यांवर राहिला आहे. संगणक शिक्षकांचा प्रवास आणखी वेगळा आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या कोडिंग व रोबोटिक्स शिक्षणाच्या राज्य योजनेमुळे, जे विषय पदवीच्या काळात कधी शिकले नव्हते, ते शिकून शिकवण्याची वेळ त्यांच्यावर आली.

शिक्षणशास्त्र महाविद्यालये हे दुसरे दार. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील निर्मला शिक्षण संस्था १९६३ पासून शिक्षक घडवीत आहे. फोंड्याच्या गोवा विद्याप्रसारक मंडळाचे डॉ. दादा वैद्य शिक्षण महाविद्यालयही या क्षेत्रातले परिचित नाव. बीएड झाल्यावर शिक्षकाचा आपल्या महाविद्यालयाशी संबंध तुटतो, ही आपल्याकडची रीत. वास्तविक ग्रंथालय आणि मार्गदर्शक प्राध्यापक यांची खरी गरज वर्गात पाच-सहा वर्षे काढल्यावरच भासू लागते.

तिसरे दार शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) आणि वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या देशपातळीवरील संस्था आपल्या उंबरठ्यावर आहेत. मिरामारचे गोवा विज्ञान केंद्र तर शाळांसाठीच आहे. भूगोलाच्या शिक्षकाने मान्सून, सागरी प्रवाह किंवा अंटार्क्टिका शिकवण्यापूर्वी तेथील संशोधकांशी तासभर बोलणे, हे कोणत्याही प्रमाणपत्राविना झालेले उत्तम प्रशिक्षण होय. त्यासाठी शाळेने पत्र लिहून पूर्वपरवानगी घेतली पाहिजे, एवढेच.

राज्याबाहेरच्या संधी

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या रचनेत गोवा, महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात ही राज्ये भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कक्षेत येतात. साहजिकच पणजी, इंदूर, ग्वाल्हेर आणि वडोदरा येथील मराठी शिक्षक एकाच वर्गात भेटण्याचा योग तेथे येऊ शकतो. या प्रशिक्षणांसाठी नावे शिक्षण खात्यामार्फत जातात. तेव्हा मुख्याध्यापकांकडे इच्छा आगाऊ नोंदवून ठेवणे इष्ट.

सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, म्हणजे 'सीसीआरटी', ही १९७९ मध्ये स्थापन झालेली संस्था शिक्षकांना कळसूत्री बाहुल्या, हस्तकला, वारसास्थळांचे जतन, लोककला अशा विषयांचे प्रशिक्षण देते. दिल्लीखेरीज उदयपूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथेही तिची केंद्रे आहेत. दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंतचे हे वर्ग वर्षभर चालतात आणि निवड राज्यांच्या शिक्षण खात्यांमार्फत होते. भाषा आणि इतिहासाच्या शिक्षकांसाठी इतकी रंजक संधी क्वचितच दुसरी सापडेल. धालो, फुगडी, जागर, दशावतार यांच्या प्रदेशातून गेलेला शिक्षक तेथे केवळ शिकत नाही, स्वतःकडचे देतोही.

विज्ञान व गणितासाठी मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे नाव प्रथम घ्यावे लागेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेले हे केंद्र १९७४ पासून मुले विज्ञान कशी शिकतात आणि नेमकी कोठे अडखळतात, याचा अभ्यास करीत आहे. आठवी ते दहावीसाठीच्या 'विज्ञान प्रतिभा' उपक्रमात तेथे शिक्षकांच्या कार्यशाळाही होतात. पुण्यात आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि आयसर या संस्था शिक्षकांसाठी वर्ग घेतात. बेळगावच्या शिक्षकांना दोन कर्नाटकी संस्था जवळच्या आहेत. इंग्रजीच्या अध्यापनासाठी १९६३ मध्ये स्थापन झालेली बेंगळुरूची प्रादेशिक इंग्रजी संस्था ही एक. चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथे भारतीय विज्ञान संस्थेचे प्रतिभा विकास केंद्र आहे, ही दुसरी. त्या केंद्रात विज्ञानशिक्षकांना निवासी राहून प्रयोगशाळेत स्वतःच्या हातांनी काम करता येते.

ज्यांना घर सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी 'दीक्षा' हे केंद्र सरकारचे व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे. २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्गांच्या रूपाने सुरू झालेला 'निष्ठा' हा राष्ट्रीय कार्यक्रम महासाथीच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, याच व्यासपीठावर आला. पुढे माध्यमिक शिक्षकांसाठी आणि पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी त्याचे स्वतंत्र भाग आले. लहान मुले असलेल्या शिक्षिका, घरी आजारी माणूस असलेले शिक्षक किंवा दुर्गम वाडीत राहणारे शिक्षक यांना या सोयीचा खरा लाभ होतो. धोका एकच आहे. चित्रफीत सुरू ठेवून बाजूला स्वयंपाक उरकता येतो आणि प्रमाणपत्रही मिळते. त्या प्रमाणपत्राने तास भरतात. जूनमध्ये वर्ग भरल्यावर मात्र त्याचा काही उपयोग होत नाही.

होशंगाबादचा धडा

चांगले उन्हाळी प्रशिक्षण कसे असते, याचे आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण मध्य प्रदेशात घडले. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांमध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा नवा प्रयोग सुरू केला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे माळव्यातील जिल्ह्यांपर्यंत नेला.

या कार्यक्रमाचा कणा होता उन्हाळी शिबिर. कडक उन्हाळ्यात सुमारे तीन आठवडे खेड्यापाड्यांतील शिक्षक एकत्र राहत. सहावी, सातवी आणि आठवी अशा एकेका इयत्तेचा अभ्यासक्रम एकेका उन्हाळ्यात पूर्ण होई. शिक्षक विद्यार्थ्यांच्या जागी बसत आणि मुलांच्या पुस्तकातील प्रत्येक प्रयोग स्वतः करीत. उत्तर आयते सांगितले जात नसे. विद्यापीठांतील आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या ठिकाणांहून आलेले अभ्यासक त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून तोच प्रयोग करीत आणि फसलेल्या प्रयोगावर वाद घालीत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांपासून त्रिमितीय आकृत्या तयार करणारे अरविंद गुप्ता यांच्या या वाटेची सुरुवात १९७८ मध्ये याच कार्यक्रमात झाली. पुढे त्यांनी अनेक वर्षे पुण्याच्या मुक्तांगणात काम केले.

शिबिर संपले म्हणजे प्रशिक्षण संपले, असे तेथे नव्हते. वर्षभर दर महिन्याला शिक्षकांची बैठक होई, अनुभवी सहकारी शाळेत जाऊन वर्ग पाहत, आणि शिक्षकांनी नोंदवलेल्या अडचणींनुसार 'बाल वैज्ञानिक' ही पाठ्यपुस्तके बदलली जात. परीक्षाही बदलली होती. तीत पुस्तक उघडे ठेवता येई आणि प्रयोग करून दाखवावा लागे. अनेक शिक्षक पुढे स्वतःच इतरांचे प्रशिक्षक झाले. २००२ मध्ये शासनाच्या निर्णयाने हा कार्यक्रम बंद झाला, तरी तीस वर्षांच्या त्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. शिक्षकाने स्वतः करून पाहिलेले त्याच्या वर्गात उतरते, नुसते ऐकलेले उतरत नाही. जूननंतर पाठपुरावा नसेल, तर मेमधील उत्साह गणेशचतुर्थीपर्यंतही टिकत नाही. आणि शिक्षकाच्या मताने पुस्तक किंवा परीक्षा बदलू शकते, असे त्याला दिसले, तरच तो मन लावून शिकतो.

आपल्याकडील बहुतेक शासकीय प्रशिक्षणांची रीत नेमकी उलटी असते. राष्ट्रीय स्तरावरील तज्ज्ञ राज्याच्या मार्गदर्शकांना शिकवतात, ते तालुक्याच्या मार्गदर्शकांना आणि तालुक्याचे मार्गदर्शक शिक्षकांना. उतरंडीच्या प्रत्येक मडक्यात थोडे पाणी सांडते. वरच्या पातळीवर पाच दिवस चाललेला विषय शेवटच्या शिक्षकापर्यंत एका दुपारच्या सादरीकरणात उरकला जातो.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमाच्या शिक्षकांपुढे आणखी एक अडचण आहे. बेळगाव सीमाभागात शासकीय प्रशिक्षणाचे साहित्य आणि व्याख्याने प्रामुख्याने कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतात. गोव्यात प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाची, तर पाचवीपासून बहुतेक विद्यालये इंग्रजी माध्यमाची. पर्यायाने प्रशिक्षणाची भाषा अनेकदा इंग्रजी होते. शिक्षकाला इंग्रजी समजत नाही, असा याचा अर्थ नव्हे. परंतु पहिलीच्या मुलाला जोडाक्षर कसे शिकवावे, 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार कसे समजावावेत, अनुस्वाराच्या चुका कशा हाताळाव्यात, हे इंग्रजी वर्णमालेवर बेतलेल्या प्रशिक्षणातून कसे उमगणार? वाचनाचा पाया शिकवण्याचे प्रशिक्षण त्या-त्या भाषेतच व्हावे लागते.

येथे महाराष्ट्राशी असलेली भाषिक जवळीक उपयोगी पडते. महाराष्ट्राने 'दीक्षा'वर ठेवलेले मराठी साहित्य कोणत्याही राज्यातील शिक्षकाला पाहता येते. एखाद्या तालुक्यातील दहा-बारा मराठी शिक्षकांनी मे महिन्यात दोन दिवस एकत्र बसून त्यातले उपयुक्त घटक निवडले, स्थानिक शब्द घालून कृतिपत्रिका तयार केल्या आणि आपसांत वाटून घेतल्या, तर तोही व्यावसायिक विकासच आहे. त्यासाठी केवळ एक खोली आणि एका उत्साही मुख्याध्यापकाची गरज असते.

गेलेल्या सुट्टीचे काय?

हा प्रश्न विचारण्यास शिक्षक संकोचतात, पण संकोचाचे कारण नाही. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियमावली, १९७२ मध्ये सुट्टीप्राप्त विभागांतील कर्मचाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांना शिक्षकांप्रमाणे दीर्घ सुट्टी मिळते त्यांच्यासाठी, स्वतंत्र तरतूद आहे. पूर्ण सुट्टी उपभोगली, तर त्या वर्षी अर्जित रजा मिळत नाही. मात्र सुट्टीचा काही भाग कामामुळे उपभोगता आला नाही, तर त्या प्रमाणात अर्जित रजा जमा होते. उदाहरणार्थ, वर्षाची एकूण सुट्टी ६० दिवस असून त्यांतले १० दिवस आदेशानुसार प्रशिक्षणात गेले, तर ३० दिवसांच्या एक-षष्ठांश, म्हणजे ५ दिवस अर्जित रजा हिशेबात येते.

यासाठी दोन कागद महत्त्वाचे आहेत. प्रशिक्षणास उपस्थित राहण्याचा सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश आणि प्रशिक्षणस्थळाचे उपस्थिती प्रमाणपत्र. स्वेच्छेने निवडलेल्या अभ्यासक्रमाला असा लाभ आपोआप मिळत नाही, म्हणून आधीच मुख्याध्यापकांमार्फत खात्याची मान्यता घ्यावी. अनुदानित विद्यालयांतील शिक्षकांनी व्यवस्थापनाकडून लेखी आदेश घेऊन त्याची नोंद सेवापुस्तकात झाली की नाही, हे पाहावे. तोंडी सूचनेवर दिलेले दिवस निवृत्तीच्या वेळी मोजता येत नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. परंतु नेमकी हीच कामे अनेकदा सुट्टीत येतात. ज्या शिक्षकाचा अर्धा मे अशा कामात गेला, त्याला त्याच महिन्यात निवासी प्रशिक्षणालाही पाठवणे योग्य नव्हे. नावे ठरवताना मुख्याध्यापकांनी हा हिशेब ठेवला पाहिजे.

निवड कशी करावी?

नाव नोंदवण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःला विचारावेत असे काही प्रश्न आहेत. गेल्या वर्षी माझे विद्यार्थी कोणत्या घटकात सर्वाधिक अडखळले? हे प्रशिक्षण त्या घटकाला स्पर्श करते का? त्यात मी स्वतः काही करणार आहे, की केवळ ऐकणार आहे? प्रशिक्षण संपल्यावर शंका विचारण्यासाठी कोणी उपलब्ध असेल का? आणि शिकलेले वर्गात करून पाहण्याची मोकळीक शाळा देईल का?

शक्य असल्यास एकाच शाळेतील किंवा शेजारच्या शाळांतील दोघांनी मिळून जावे. एकटा शिक्षक नवी पद्धत घेऊन परतला की पहिल्या अडचणीला ती सोडून देतो. दोघे असले की निदान बोलायला माणूस असतो. मुख्याध्यापकांनी परतलेल्या शिक्षकाकडून अहवाल मागण्याऐवजी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्याचा एक तास सहकाऱ्यांनी पाहावा, अशी व्यवस्था करावी. अहवाल फाइलीत जातो, पाहिलेला तास इतरांच्या लक्षात राहतो.

आणि सुट्टीतले काही दिवस कोणत्याही प्रशिक्षणाविना मोकळे ठेवावेत. थकलेला शिक्षक उत्तम अभ्यासक्रमातूनही फारसे काही घेऊन येत नाही. आठ-दहा दिवस मनापासून शिकण्यासाठी, काही दिवस वाचनासाठी आणि उरलेले घरासाठी अशी विभागणी जमली, तर जूनमध्ये किंवा आपापल्या राज्यात जेव्हा शाळेची घंटा वाजेल तेव्हा, वर्गात शिरणारा शिक्षक ताज्या मनाने आणि हाती काही नवे घेऊन शिरेल. पहिल्याच आठवड्यात मुलांना तो फरक जाणवतो.